आधी कोणाचं घर: पर्ल जॅम की साउंडगार्डन?

भाच्याला नोकरी लागली, त्याने रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि त्याच रात्री मला फोन केला. "मामा, या महिन्यात एकच रेकॉर्ड परवडतेय. पर्ल जॅमचा 'टेन' घेऊ की साउंडगार्डनचा 'सुपरअननोन'? तू दोन्ही ऐकलेत, तूच सांग." मी म्हटलं, उद्या सांगतो. त्या उद्याला आता तीन आठवडे झाले. मधल्या काळात दोन्ही पुन्हा ऐकले. जे आठवलं आणि जे नव्याने खुपलं, ते फोनवर सांगण्यापेक्षा लिहूनच काढतोय. या फाट्यावर तो काही एकटाच उभा नसणार.

सिएटल, नव्वदचं दशक, चौकडीचे शर्ट, निर्वाणा हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. सिएटलच्या त्या रॉकला ग्रंज म्हणतात; कोण खरा ग्रंज आणि कोण नाही, या वादात शिरत नाही. त्या वादात शिरलेला माणूस गाणी ऐकायचं विसरतो, असं मी पाहिलंय.

मुळात या दोन बँडांत स्पर्धा नाहीच. हे चुलत भाऊ आहेत, एकाच वाड्यात वाढलेले. थोरला साउंडगार्डन. १९८४ साली ख्रिस कॉर्नेल, किम थायिल आणि हिरो यामामोटो एकत्र आले. नाव घेतलं सिएटलच्या तळ्याकाठच्या एका शिल्पावरून: उंच खांबांवर नळ्या लावल्यात, वारा सुटला की त्या घुमतात. थायिल हे आडनाव वाचून तुमच्या मनात जे आलं ते बरोबर आहे, त्याचे आईवडील केरळचे. सुरुवातीला कॉर्नेल ड्रम वाजवत वाजवतच गायचा. १९८६ मध्ये मॅट कॅमेरॉन ड्रमवर बसला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

धाकट्याची, म्हणजे पर्ल जॅमची, वंशावळ जरा गुंतागुंतीची. त्याच १९८४ साली ग्रीन रिव्हर नावाचा बँड निघाला. 'डीप सिक्स' या १९८६ च्या संग्रहात ग्रीन रिव्हर आणि साउंडगार्डन दोघांचीही गाणी आहेत, म्हणजे शेजार तेव्हापासूनचा. ग्रीन रिव्हर फुटला. मार्क आर्म आणि स्टीव्ह टर्नर यांनी मडहनी काढला. स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंट हे दोघे अँड्र्यू वुड या गायकाबरोबर मदर लव्ह बोनमध्ये गेले. वुड काही काळ कॉर्नेलच्याच खोलीवर राहायचा. मदर लव्ह बोनचा पहिला अल्बम तयार होता, बाजारात यायचा बाकी होता, आणि १९ मार्च १९९० ला हेरॉइनने वुडचा जीव घेतला. वय २४.

खोलीतला मित्र गेल्यावर कॉर्नेलने दोन गाणी लिहिली. ती साउंडगार्डनच्या साच्यात बसत नव्हती. मग त्याने गोसार्ड आणि अमेंटला बोलावलं. ड्रमवर अर्थात कॅमेरॉन. गिटारवर नवा पोरगा, माइक मक्रिडी. तिकडे गोसार्ड-अमेंट स्वतःच्या पुढच्या बँडसाठी गायक शोधतच होते. त्यांची वाद्यसंगीताची टेप ड्रमर जॅक आयर्न्सच्या हातून सॅन दिएगोला पोचली होती. तिथे पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणाऱ्या एडी वेडरने त्यावर शब्द रचले, गायला आणि टेप परत धाडली. ऑक्टोबर १९९० मध्ये तो सिएटलला आला तेव्हा एकाच जागेत दोन तालमी चालू होत्या: एक गेलेल्या मित्रासाठी, एक नव्या बँडसाठी, म्हणजे पुढच्या पर्ल जॅमसाठी. मित्रासाठीच्या तालमीतल्या 'हंगर स्ट्राइक' या गाण्यात खालच्या पट्टीच्या ओळी आणि वरच्या ओळी दोन्ही एकट्याने उचलताना कॉर्नेलची ओढाताण होत होती. आपल्या तालमीची वाट बघत बसलेला वेडर उठला आणि खालच्या ओळी गाऊन मोकळा झाला. रेकॉर्डवर ठळकपणे ऐकू येणारा त्याचा आवाज पहिल्यांदा तिथे उमटला.

आपल्याकडे दुखवट्याला जमलेली माणसं कधीकधी तिथेच एखादं लग्न जुळवून उठतात, तसंच काहीसं झालं. गेलेल्या मित्रासाठीचा तो अल्बम, 'टेंपल ऑफ द डॉग', पंधरा दिवसांत रेकॉर्ड झाला आणि एप्रिल १९९१ मध्ये आला. तेव्हा फारसं कोणी वळून पाहिलं नाही. पुढच्या वर्षी दोन्ही भाऊ मोठे झाल्यावर कंपनीने तोच अल्बम पुन्हा पुढे केला आणि मग तो धडाधड खपला. १९९१ सालातच 'टेन' आला २७ ऑगस्टला आणि साउंडगार्डनचा 'बॅडमोटरफिंगर' ८ ऑक्टोबरला.

हे सगळं सांगितलं कारण निवड करताना "एक घेतला की दुसरा सुटला" अशी हुरहुर वाटते. तशी ती वाटायचं कारण नाही. कुठूनही शिरलात तरी मधलं दार उघडंच आहे.

आता त्या दुखऱ्या जागेकडे येतो.

मी १९९५ च्या सुमारास डोंबिवलीहून माटुंग्याला कॉलेजला जायचो. वॉकमन, दोन सेल आणि दोन कॅसेटी. एक 'सुपरअननोन', दुसरी 'टेन'. गाणी अप्रतिम, पाठ झालेली. पण कॉर्नेलचा आवाज लोकलच्या खडखडाटातून बाणासारखा यायचा, आणि वेडरचा आवाज, त्याच्यामागचे ड्रम, गिटार, सगळंच कुठूनतरी लांबून आल्यासारखं वाटायचं. मंगल कार्यालय रिकामं असताना माइकवाला "हॅलो, हॅलो, माइक चेक" म्हणतो आणि तो 'चेक' चारही भिंतींना आपटून परत येतो, तसं. मला वाटायचं हेडफोन स्वस्तातला आहे. सेल बदलले, वॉकमनचं हेड स्पिरिटने पुसलं. मित्राकडची कॅसेट आणून पाहिली. घुमणं जाईना.

पुष्कळ वर्षांनी कळलं की दोष माझ्या हेडफोनचा नव्हता. 'टेन' रेकॉर्ड झाला सिएटलच्या लंडन ब्रिज स्टुडिओत, रिक पराशरच्या हाताखाली. 'टेंपल ऑफ द डॉग' त्याच स्टुडिओत, त्याच पराशरबरोबर, जेमतेम काही महिने आधी झाला होता. त्यातही गोसार्ड, अमेंट, मक्रिडी हेच. तो माझ्या कानाला स्वच्छ लागतो, माणसं समोर बसून वाजवतायत असा. मग फरक कुठे पडला? 'टेन'चं मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र बसवायचं काम, इंग्लंडात झालं, गावाबाहेरच्या एका शेतघरातल्या स्टुडिओत, टिम पामरकडे. गडी कल्पक होता. 'ओशन्स' गाण्यात त्याने मिरपूड शिंपडायची डबी आणि आग विझवायचं नळकांडं ही तालवाद्यं म्हणून वापरलीत. पण प्रतिध्वनीचा हात त्याने जरा सैल सोडला. हे माझंच मत असतं तर मी गप्प बसलो असतो. बँडमधल्या मंडळींनाही पुढे ते घुमणं खटकत राहिलं. शेवटी २००९ मध्ये ब्रेंडन ओब्रायनकडून त्यांनी सबंध अल्बम नव्याने मिक्स करून घेतला.

प्रश्न सुटला असं वाटेल. माझा तिथे वाढला. नवा 'टेन' ऐकला: कोरडा, जवळचा, ड्रम छातीवर. हवा होता तसाच! आणि दुसऱ्याच गाण्यात चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. चौदा वर्षं ज्या घुमण्याला शिव्या घातल्या, तेच नसल्यामुळे 'ब्लॅक' या गाण्याचा शेवट उघडा पडल्यासारखा वाटला. जुनं घर रंगवून घेतल्यावर आपण आपल्याच दारात थबकतो, तसं. तेव्हापासून माझ्याकडे 'टेन'चे दोन पाठ आहेत आणि एकही माझा नाही. पोथ्यांमध्ये पाठभेद असतात ते ठीक, पण आंघोळीला जाताना लावायच्या अल्बममध्ये नकोत. मोबाइलवर शोधलं की दोन्ही येतात, घाईत चुकीचा लागतो. आणि चुकीचा कोणता, हेही दर वेळी वेगळं असतं.

गंमत अशी की ज्या ओब्रायनने 'टेन' पुसून लख्ख केला, त्यानेच १९९४ मध्ये आलेल्या 'सुपरअननोन'चं मिक्सिंग केलं होतं. तो एकदाच झाला, नीट झाला आणि विषय संपला. 'सुपरअननोन'ची सुई टेकवली की १९९५ साली जे ऐकलं तेच आज ऐकू येतं. मला वाटतं, माझा कौल इथेच ठरला. बाकीची कारणं मी नंतर गोळा केली असणार.

तरी ती सांगतो. माझे वडील हौशी तबलजी होते, गणपतीत भजनाला साथ करण्याइतके. एकदा मी 'सुपरअननोन'मधलं 'स्पूनमॅन' मोठ्याने लावलं होतं. ते बंद कर म्हणायला आले आणि दारात उभे राहून बोटांची पेरं मोजू लागले. "अरे, हा सात मात्रांत चाललाय!" मग खाली बसले. रूपक नव्हे तो, खाली-भरीचा हिशेबच वेगळा. पण सातच्या सात मात्रा आणि तरी मुंडी हलवावीशी वाटते, याचं त्यांना कौतुक वाटलं. 'माय वेव्ह'मध्ये पाच सापडले तेव्हा तर त्यांनी चहा मागवला. साउंडगार्डनमध्ये हे जागोजाग आहे आणि ते गणित म्हणून समोर येत नाही. सम गाठायला अर्धी पायरी कमी पडल्यासारखं वाटतं, आणि मग कळतं की पायरी तेवढीच होती. गिटारच्या तारा लावण्यातही असंच. 'माइंड रायट'मध्ये सहाच्या सहा तारा 'ई' सुरात लावल्यात. कोणी ऐकून सांगणार नाही, पण गाण्याला जो तंबोऱ्यासारखा सलग गुंजारव आहे तो त्यामुळे, असं मला आपलं वाटतं.

त्या 'स्पूनमॅन'चं नावही चुलत घरातून आलेलं. 'सिंगल्स' नावाच्या १९९२ च्या चित्रपटात एका काल्पनिक गायकाची कॅसेट दाखवायची होती. तिच्यावर छापायला गाण्यांची खोटी नावं अमेंटने रचली. कॉर्नेलने ती यादी उचलली आणि त्या नावांची खरी गाणी करून आणली. त्यातलं हे एक. आणि यात चमचे वाजवलेत ते सिएटलच्या रस्त्यांवर चमचेच वाजवणाऱ्या आर्टिस नावाच्या खऱ्याखुऱ्या कलाकाराने.

पर्ल जॅमची बाजू लंगडी आहे असं मुळीच नाही. उलट माणूस म्हणून मला ते जास्त आवडतात. १९९३ मध्ये 'व्हर्सेस' पहिल्याच आठवड्यात सुमारे साडेनऊ लाख खपला. असं यश डोक्यात जायचं, त्याऐवजी यांनी व्हिडिओ काढायचंच बंद केलं आणि तिकिटांच्या दरावरून तिकीटमास्टर या कंपनीशी भांडण काढलं. १९९४ मध्ये गोसार्ड आणि अमेंट अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देऊन आले. त्या उन्हाळ्याचा दौरा बुडाला तो बुडाला. वेडरने नुसरत फतेह अली खाँ यांच्याबरोबर 'डेड मॅन वॉकिंग' चित्रपटासाठी गायलंय तेही ऐका. आमच्या घरात वडिलांनी आपणहून लावलेली वेडरची तेवढीच एक कॅसेट. खाँसाहेबांसमोर तो आवाज न चढवता नम्रपणे मागे बसतो, हे त्यांना फार आवडलं होतं.

आणि मैफल हा प्रकार असेल तर पर्ल जॅमला तोड नाही. रोज रात्री गाण्यांची यादी वेगळी. २००० सालच्या दौऱ्यातले जवळजवळ सगळे कार्यक्रम त्यांनी अल्बम म्हणून काढले, एकूण ७२! त्यात तो प्रतिध्वनी नावालाही नाही. 'टेन'मधली गाणी तिथे ऐकली की वाटतं, ही अशी होती तर! पण ७२ म्हणजे माझ्यासारख्या माणसाला कपाट कमी पडतं. कुठला ऐकावा हे ठरवण्यातच रविवार जातो. ज्यांना अशा धुंडाळण्यात सुख आहे त्यांनी पर्ल जॅमच घ्यावा, हे मी मनापासून सांगतो. त्याच २००० सालच्या जूनमध्ये डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात, पर्ल जॅम मंचावर असताना, गर्दीत नऊजण दगावले. त्यानंतरचा पर्ल जॅम जरा वेगळा, जपून चालणारा ऐकू येतो. कदाचित मला माहीत आहे म्हणून तसा ऐकू येत असेल.

आता कॅमेरॉन. १९९७ मध्ये साउंडगार्डन फुटला आणि पुढच्याच वर्षी पर्ल जॅमला ऐन दौऱ्यात ड्रमरची गरज पडली. तो गेला, तो राहिलाच. २०१० पासून साउंडगार्डन परत उभा राहिल्यावर काही वर्षं दोन्ही घरं सांभाळली. २०१७ मध्ये पर्ल जॅमबरोबर आणि २०२५ मध्ये साउंडगार्डनबरोबर त्याचं नाव रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये लागलं. मधेच, जुलै २०२५ मध्ये, त्याने पर्ल जॅम सोडला. म्हणजे २००० च्या 'बायनॉरल'पासून २०२४ च्या 'डार्क मॅटर'पर्यंतचा कुठलाही पर्ल जॅम घेतलात तरी तुमच्या घरात साउंडगार्डनचा ड्रमर येतोच. पण तोच माणूस दोन घरांत वेगळा वाजतो. पर्ल जॅममध्ये तो साथीला बसलेला असतो: नेटकं, गायकाकडे डोळा ठेवून. साउंडगार्डनमध्ये तो वाट वाकडी करतो आणि बाकीचे त्याच्यामागे जातात. एखाद्या चांगल्या तबलजीला तुम्ही आधी सुगम संगीतात आणि मग स्वतंत्र वादनात ऐकलंत तर जे वाटेल, ते.

पसाऱ्याचं म्हणाल तर साउंडगार्डनचे स्टुडिओ अल्बम सहा, पर्ल जॅमचे बारा. सहापैकी 'बॅडमोटरफिंगर', 'सुपरअननोन' आणि 'डाउन ऑन द अपसाइड' हे तीन डोळे मिटून घ्या. २०१२ चा 'किंग ॲनिमल' लोक म्हणतात तेवढा वाईट नाही. सुरुवातीचे दोन मागाहून, चव लागल्यावर. पर्ल जॅमचे पहिले तीन आणि १९९८ चा 'यील्ड'. 'नो कोड'बद्दल मी दर दोन वर्षांनी मत बदलतो, तेव्हा तो राहू दे.

एक गोष्ट मात्र पर्ल जॅमकडे झुकते आणि तिच्यापुढे माझं काही चालत नाही. १८ मे २०१७ ला, डेट्रॉइटमधल्या कार्यक्रमानंतर काही तासांत, कॉर्नेल गेला. आदल्याच नोव्हेंबरमध्ये 'टेंपल ऑफ द डॉग'ची मंडळी पंचविशीच्या निमित्ताने पहिल्यांदा दौऱ्यावर निघाली होती. साउंडगार्डन हे आता बंद झालेलं खातं आहे. पर्ल जॅमचं चालू आहे, त्यात अजून भर पडेल. तिशीच्या आतल्या माणसाला पुढे कधीतरी प्रत्यक्ष बघायला मिळावं अशी आस असेल तर हा विचार क्षुल्लक नाही.

'सुपरअननोन'च्या कुरबुरीही सांगून टाकतो, नाहीतर पक्षपात होईल. तो लांब आहे, सत्तर मिनिटांचा. रेकॉर्डवर दोन तबकड्या, म्हणजे तीनदा उठून बाजू पालटायची. उदास आहे, पावसाळ्यात सलग ऐकवत नाही. कॉर्नेल वरच्या पट्टीत गेला की घरातली माणसं दार लावून घेतात. आणि 'ब्लॅक होल सन' इतक्यांदा ऐकलंय की मी त्या बाजूला चहा ठेवायला उठतो. अस्सल यंत्रसामग्री बाळगणारा माझा एक मित्र म्हणतो, 'टेन'चं घुमणं हाच त्याचा आत्मा, मोठ्या स्पीकरवर ते गुहेसारखं भव्य वाटतं. असेलही. मी आयुष्यातली निम्मी गाणी मध्य रेल्वेवर ऐकलीत, माझ्या कानांना भव्यतेची सवय नाही.

तेव्हा भाच्याला मी एवढंच कळवलं: 'टेन' घेणार असशील तर आवरणावर बघ, मूळ मिक्स आहे की २००९ चा, आणि जो घेशील त्यालाच आयुष्यभर चिकटून राहा, दुसरा ऐकूच नकोस. एवढी कटकट नको असेल तर 'सुपरअननोन' घे.

परवा ताईचा फोन आला. म्हणाली, "तू त्याला काय घ्यायला सांगितलंस रे? रविवारपासून जेवायला बसला की दोन चमचे पाठीला पाठ लावून मांडीवर आपटतोय. आणि सातला थांबतो. आठवा वाजवतच नाही."